अडलेलं पाणी

31 जुलै 2024 च्या रात्री, अजून उजाडायचं होतं तेव्हा, ब्रिटिश कोलंबियातल्या चिलकोटिन नदीच्या काठचा एक कडा खाली बसला. फारवेल कॅन्यनच्या जवळ नदी जिथे वाहत होती, तिथे सकाळी मातीचा, चिखलाचा आणि उलट्यापालट्या झाडांचा ढीग होता. पात्राच्या दिशेने मोजला तर सुमारे किलोमीटरभर लांब आणि 30 मीटर खोल. वरच्या अंगाला पाणी तुंबत गेलं आणि त्याचं 11 किलोमीटर लांबीचं तळं झालं. खालच्या अंगाला एरवी कुणाच्या नजरेला न पडणारे गोटे उघडे पडले. पुढचे काही दिवस सगळे एकाच गोष्टीची वाट पाहत होते. पाणी ढिगावरून हळूहळू उतरून वाट कापेल, की ढीग एकदम फुटेल आणि सगळं एका लोटात खाली येईल? 5 ऑगस्टला पाण्याने माथ्यावरून वाट काढली, बघता बघता ती रुंदावत गेली, आणि गढूळ पाणी मुळासकट झाडं घेऊन, चिलकोटिन जिला मिळते त्या फ्रेझर नदीच्या दिशेने सुटलं.

त्या दिवसांतलं एक वाक्य मनात रुतून बसलं आहे. ‘नदी पुन्हा आपल्या मार्गावर कधी येणार?’ असं बातम्यांतून विचारलं जात होतं. पण फ्रेझर आणि तिच्या उपनद्यांचा मार्ग घडला आहे तोच अशा अडण्यातून. कुठे खडकाने अडवलं, कुठे दरडीने, कुठे थंडीने, कुठे भरतीने. एवढ्या अडथळ्यांची ही नदी, आणि माणसाने मात्र तिच्या मुख्य प्रवाहावर आजवर एकही धरण बांधलेलं नाही. म्हणून मला तिचा मार्ग सांगायचा झाला, तर ती कुठून कुठे जाते यापेक्षा कुठे आणि किती दिवस थांबते हे सांगावंसं वाटतं.

तिची लांबी सुमारे 1,375 किलोमीटर. रॉकी पर्वताच्या कण्यावर, अल्बर्टाच्या सीमेला लागून, फ्रेझर पास नावाच्या खिंडीजवळ ती झऱ्याच्या रूपात ओलावते. समुद्र पश्चिमेला असताना ती आधी वायव्येकडे निघते. रॉकी आणि कॅरिबू या दोन पर्वतरांगांमध्ये जमिनीला पडलेली एक सरळ, लांबच लांब दरी आहे, आणि सोबतच्या बहुतेक नद्यांप्रमाणे तीही या दरीचीच शिस्त पाळते. 3,954 मीटर उंचीच्या माउंट रॉबसनच्या पायथ्याजवळून, मूस लेकमधून, टेट जॉन आणि मॅकब्राइडवरून पाचशेहून अधिक किलोमीटर चालत ती प्रिन्स जॉर्जला पोहोचते आणि तिथे दक्षिणेकडे वळते. नकाशावर हा आकार एखाद्या मोठ्या गळासारखा दिसतो. या आकारामागेही अडणं आहे. भूशास्त्रज्ञांच्या मते आज दक्षिणेकडे जाणाऱ्या मधल्या टप्प्यातलं पाणी फार पूर्वी उत्तरेकडे वाहत होतं. खुणा अजून शिल्लक आहेत. साधारणपणे उपनदी मुख्य नदीला भेटते ती खालच्या दिशेला झुकून, पण इथल्या काही उपनद्या वरच्या दिशेला तोंड करून येऊन मिळतात, बाणाच्या उलट्या काट्यांसारख्या. लाव्हाचे थर, जमिनीचा उठाव, नंतरचं हिमयुग अशा गोष्टी एकावर एक घडत गेल्या आणि उतारच फिरला. उपनद्यांनी मात्र जुना कोन सोडला नाही.

प्रिन्स जॉर्जला पश्चिमेकडून नेचाको येऊन मिळते. इथल्या मूळ लोकांच्या, लेडली टेनेंच्या, नावाचा अर्थच संगमाचे लोक असा आहे. नेचाकोचं सगळं पाणी इथवर येत नाही. 1950 च्या दशकात तिच्यावर केनी धरण झालं आणि तुंबलेल्या पाण्याचा मोठा हिस्सा डोंगरातून खोदलेल्या सुमारे 16 किलोमीटरच्या बोगद्याने उलट पश्चिमेला, केमानोच्या वीजघराकडे, वळवला गेला. ती वीज किटिमॅटच्या अ‍ॅल्युमिनियमच्या भट्ट्यांसाठी होती. पाणी चढण्याआधी, 1952 साली, चेस्लाटा लोकांना घाईघाईने गावं सोडावी लागली. फ्रेझरच्या खोऱ्यात माणसाने पाणी अडवल्याचं हे सर्वांत मोठं उदाहरण, आणि पुढे मुख्य नदीबाबत जो निर्णय झाला तो समजायला ते डोळ्यांसमोर ठेवावं लागतं. लिल्लूएटच्या वर मोरान इथे दोनशे मीटरहून उंच धरणाची कल्पना 1950 पासून 1970 च्या सुरुवातीपर्यंत पुन्हा पुन्हा पुढे येत राहिली. वीज भरपूर मिळाली असती. पण समुद्रातून अंडी घालायला नदीत वर येणाऱ्या सॅमन माशांचा मार्ग कायमचा बंद झाला असता, आणि तेवढ्या एका कारणाभोवती सगळा विरोध उभा राहिला. धरण झालं नाही. नेचाकोकडे पाहिलं की हा निर्णय किती थोडक्यात निभावला ते कळतं.

आपल्याकडे पूर म्हटलं की आधी पाऊस आठवतो. फ्रेझरला मोठा पूर येतो तो निरभ्र आकाशाखाली, कडक उन्हात.

कारण या नदीचं बरंचसं पाणी नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत डोंगरावर थांबलेलं असतं. हिवाळ्यात नदी रोड होते, काठाशी बर्फाचा थर धरते. एप्रिलच्या मध्यापासून खालच्या उतारावरचं हिम सुटू लागतं, मे महिन्यात मधल्या, जूनमध्ये शिखरांवरचं. हे तीन थर एकामागून एक वितळले तर पूर लांबतो, पण आवाक्यात राहतो. एप्रिल आणि मे थंड गेले, सगळं हिम जागच्या जागी राहिलं आणि मेच्या अखेरीस एकदम उष्ण लाट आली, तर तिन्ही थर एकत्र उतरतात. 1948 साली नेमकं हेच झालं. खालच्या अंगाला होप गावाजवळच्या मोजणी केंद्रावर एरवी वर्षाची सरासरी सेकंदाला सुमारे 2,700 घनमीटर असते. त्या वर्षी प्रवाह 15,200 घनमीटरवर गेला. धरणांच्या बातम्या क्युसेकमध्ये वाचणाऱ्यांसाठी सांगायचं तर जवळजवळ 5 लाख 37 हजार क्युसेक. खालच्या खोऱ्यातले बांध फुटले, दोन्ही रेल्वेमार्ग तुटले, सुमारे 16 हजार माणसांना घरं सोडावी लागली. 1894 चा पूर याहून मोठा होता, अंदाजे 17,000 घनमीटरचा, पण तेव्हा काठावर वस्ती थोडी होती. म्हणून इथले पुराचे जाणकार मार्चमध्ये पावसाच्या अंदाजापेक्षा डोंगरावरच्या हिमाचं वजन मोजतात. हिमाची उंची मोजून भागत नाही. भुसभुशीत हिमाच्या एका मीटरमध्ये पाणी किती आणि दाबून बसलेल्या हिमात किती, यात फार फरक असतो. पोकळ नळीने हिमाचा उभा गाभा काढून तो तोलतात. सगळा हिशेब अडलेल्या पाण्याचा.

क्वेनेलच्या खाली दऱ्या खोल होत जातात. दोन्ही बाजूंना पायऱ्यांसारखे सपाट टप्पे दिसतात, त्यांवर सेजची राखाडी झुडपं आणि पिवळं गवत, आणि टप्प्याच्या कडेला सरळ तुटलेली फिकट मातीची भिंत. ही माती हिमयुगाच्या शेवटी बर्फाने अडवलेल्या तळ्यांचा तळ आहे. फार बारीक पोत, कोरडी असताना विटेसारखी कडक, आतून भिजली की साबणासारखी निसरडी. कडा वरून कोरडा आणि भक्कम दिसत असतानाच आतल्या थरात पाणी मुरत जातं, आणि एक दिवस अख्खा उतार त्या भिजलेल्या थरावरून घसरतो. चिलकोटिनचा कडा याच मुलखातला.

लिटनला थॉम्प्सन मिळते तिथे थोडं थांबायला हवं. फ्रेझर तपकिरी, चहात दूध घातल्यासारखी, आणि थॉम्प्सन हिरवट निळी. संगमानंतर बऱ्याच अंतरापर्यंत दोन रंगांचे पट्टे शेजारी शेजारी चालतात, मधली रेघ थरथरत राहते आणि मग हळूहळू निळा रंग हरतो. फरकाचं कारण साधं आहे. थॉम्प्सनचं पाणी वाटेत शुस्वॅप आणि कॅमलूप्ससारख्या मोठ्या तळ्यांत थांबून येतं. थांबलेल्या पाण्यातला गाळ तळाशी बसतो. फ्रेझरच्या वाटेवर मात्र उगमाजवळचं मूस लेक सोडलं तर गाळ बसायला जागाच नाही. कड्यांची सगळी माती ती थेट समुद्रापर्यंत नेते, वर्षाला सुमारे 2 कोटी टन. स्थानिक न्लाकापामुख लोकांसाठी हा संगम त्यांच्या जगाचा मध्य आहे. 29 जून 2021 रोजी लिटनला 49.6 अंश सेल्सियस तापमान नोंदलं गेलं, कॅनडात आजवर नोंदलेलं सर्वाधिक, आणि दुसऱ्याच दिवशी आगीत गावाचा बहुतेक भाग जळाला. नदी अगदी शेजारी होती.

लिटनच्या जरा वर फ्रेझर ओलांडायला एक तर, म्हणजे माणसं आणि गाड्या पलीकडे नेणारा तराफा, आहे. तिला पुढे नेणारं इंजिन नाही. नदीवर आडवी पोलादी तार ताणलेली, तिला दोरखंडांनी तराफा बांधलेला, तराफ्यावर दोन मोटारींपुरती जागा. तराफा प्रवाहाला तिरका धरला की पाणी त्याला बाजूला ढकलतं, आणि तार त्याला वाहून जाऊ देत नाही. पतंगाला दोर आणि वारा जसे दोन्ही लागतात तसंच. कोन उलटा केला की तर परत येते. जूनच्या पुरात ओंडके आदळू लागले की ती बंद ठेवतात, आणि पाणी फार उतरलं की धक्क्याला लागत नाही म्हणूनही बंद. ज्या जोराने माणसं पलीकडे जातात तोच जोर थोडा वाढला की त्यांना थांबवतो. मला या नदीवरची ही सर्वांत समंजस वस्तू वाटते.

पुढे कॅन्यन. इथे नदी एका जुन्या प्रस्तरभंगाच्या रेषेवरून वाहते, म्हणून दरी एवढी सरळ आणि अरुंद. दोन्ही काठांनी दोन रेल्वेमार्ग, वर महामार्ग, आणि हेल्स गेटला सगळी फ्रेझर सुमारे 35 मीटर रुंदीच्या फटीतून जाते. सायमन फ्रेझर हा शोधप्रवासी 28 मे 1808 ला फोर्ट जॉर्जहून निघाला आणि या भागात पोहोचला तो ऐन पुराच्या दिवसांत. होड्या सोडून, स्थानिक माणसांनी कड्यांवर बांधलेल्या दोरांच्या आणि काठ्यांच्या शिड्यांवरून त्याला जावं लागलं. 2 जुलैला तो मुखाजवळ मस्क्विअम लोकांच्या गावापाशी पोहोचला. सगळा प्रवास त्याने ही कोलंबिया नदी समजून केला होता. कोलंबियाचं मुख 46 अंश अक्षांशाच्या थोडं वर आहे, आणि इथे अक्षांश निघाला 49 च्या आसपास. ज्या नदीने त्याला चुकीच्या ठिकाणी आणलं तिला पुढे त्याचं नाव मिळालं. तिच्या काठच्या स्टोलो लोकांच्या नावातच मात्र आधीपासून नदी होती. त्यांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ नदी.

हेल्स गेटला माणसाने नदी अडवली ती ठरवून नव्हे. 1911 ते 1913 मध्ये इथे दुसरा रेल्वेमार्ग खोदताना सुरुंगाने फोडलेला दगड खाली पात्रात लोटला गेला, आणि फेब्रुवारी 1914 मध्ये त्यात एका मोठ्या दरडीची भर पडली. पाणी अडलं नाही, ते फक्त अधिक वेगाने जाऊ लागलं. अडले ते मासे. 1913 हे सॉकाय सॅमनच्या चार वर्षांच्या चक्रातलं भरघोस वर्ष होतं. लाखो मासे फटीच्या खाली गोळा झाले, पुन्हा पुन्हा उसळून पाहू लागले आणि थकून मागे वाहून गेले. न्लाकापामुख लोकांनी मासे हातांनी उचलून दगडांवरून वर नेले. चार वर्षांनी, 1917 साली, त्या पिढीची पिल्लं मोठी होऊन परत यायची होती. डबाबंद माशांचं उत्पादन 1913 च्या चतकोराएवढंच भरलं.

इथे सॉकायच्या शरीराचा हिशेब समजून घ्यायला हवा. समुद्र सोडल्यावर तो खाणं बंद करतो. अंगावरची चरबी हीच सगळ्या प्रवासाची शिदोरी. चिलकोटिनच्या खोऱ्यातल्या चिल्को तळ्याकडे जाणाऱ्या माशाला सुमारे साडेसहाशे किलोमीटर प्रवाहाविरुद्ध पोहायचं असतं, चिनूक सॅमन तर रिअरगार्ड धबधब्यापर्यंत, सुमारे 1,200 किलोमीटर, जातो. त्या शिदोरीत काही दिवसांचा विलंब खपतो, त्यापुढे नाही. पाणी 18 अंशांवर गेलं की त्याची दमछाक वाढते, 20 च्या पुढे मासे वाटेतच मरू लागतात. हेल्स गेटला विल्यम थॉम्प्सन या शास्त्रज्ञाने 1938 पासून माशांना खुणेच्या चकत्या लावून अभ्यास केला आणि दाखवलं की अडचण सगळ्याच पातळ्यांना नाही. पाण्याच्या काही ठराविक पातळ्यांना फटीतला वेग असा होतो की मासा पुढे सरकूच शकत नाही, आणि ती पातळी टिकली तर दिवसेंदिवस सगळे तिथेच अडतात. म्हणून 1940 च्या दशकात जे मत्स्यमार्ग बांधले ते उभ्या फटींचे. काँक्रीटची लांब पन्हळ, तिच्यात आडव्या भिंती, प्रत्येक भिंतीत तळापासून वरपर्यंत एक उभी चीर. नदी चढो वा उतरो, चिरेतून पाणी येतच राहतं, आणि दोन भिंतींमधल्या शांत जागेत माशाला दम घेता येतो. मासा त्या चिरेतून पुढे सरकतो, थांबतो, पुन्हा सरकतो.

या कॅन्यनमध्ये उन्हाळ्यात गरम कोरडा वारा दरीतून वर चढतो. स्टोलो आणि न्लाकापामुख कुटुंबं त्याच वाऱ्यावर मासा वाळवतात. मासा उघडून पाठीचा काटा काढायचा, मांसावर जवळजवळ, कातडीपर्यंत आडव्या चिरा द्यायच्या, म्हणजे वारा आत शिरतो. आडव्या काडीने तो ताणून ठेवायचा आणि उघड्या मांडवात टांगायचा. धूर नाही. सगळं काम वाऱ्याचं, म्हणून मासा आणि वारा एकाच आठवड्यात यावे लागतात. मासा खाली कुठे अडला आणि उशिरा आला, तर वारा बदललेला असतो, माश्या आणि गांधीलमाश्या वाढलेल्या असतात आणि मांस वाळण्याआधी बिघडतं.

23 जून 2019 ला बिग बारला, लिल्लूएटच्या उत्तरेला, पुन्हा तेच दिसलं. आदल्या हिवाळ्याच्या तोंडाशी कधीतरी एका निर्जन घळीत कडा कोसळला होता आणि पात्रात सुमारे पाच मीटरचा धबधबा तयार झाला होता. कुणाच्या लक्षात येईपर्यंत चिनूक येऊ लागले होते. मग जाळ्यांनी मासे धरून पाण्याच्या टाक्यांत घालायचे आणि हेलिकॉप्टरने वर नेऊन सोडायचे, असं उन्हाळाभर चाललं. पुढच्या वर्षी हवेच्या दाबाने मासा नळीतून वर ढकलणारं यंत्र आलं, हिवाळ्यात पाणी कमी असताना खडक फोडले गेले. 1913 मधले हात आणि 2019 मधलं हेलिकॉप्टर यांत शंभरहून अधिक वर्षं आहेत. माशाची शिदोरी तेवढीच आहे.

होपला नदी डोंगरातून सुटते, पश्चिमेला वळते आणि तिचा उतार मोडतो. वेग गेला की आधी जड ते बसतं. होपपासून मिशनच्या आसपासपर्यंत तळ गोट्यांचा, आणि तिथे थोड्याच अंतरात गोटे संपून वाळू सुरू होते. गोटे साठत जातात तसा तळ चढतो आणि बांध तेवढेच उंच राहतात, म्हणून काहींना गोटे उपसायचे असतात. पण त्याच गोट्यांत मासे अंडी घालतात, आणि शंभर वर्षांहून अधिक जगणारा पांढरा स्टर्जन याच पाण्यात वावरतो. जोवर कुठले गोटे, किती आणि कोणत्या महिन्यात उपसायचे एवढं बारकाईने ठरत नाही, तोवर उपसू नयेत असंच मला वाटतं.

सुमासच्या मैदानात अडण्याची आणखी एक तऱ्हा आहे. तिथे पूर्वी तळं होतं. 1924 पर्यंत ते उपसून शेतजमीन केली. जमीन खोलगट असल्याने फ्रेझर खाली असेल तेव्हा दरवाजे उघडून पाणी आपोआप जाऊ द्यायचं, आणि फ्रेझर वर असेल तेव्हा दरवाजे लावून बॅरोटाउनच्या पंपांनी फेकायचं. नोव्हेंबर 2021 च्या अतिवृष्टीत अमेरिकेच्या सीमेपलीकडून नूकसॅक नदीचं पाणी आलं, तळं जणू परतलं, आणि एका रात्री लोकांनी पंपघराभोवती वाळूच्या पोत्यांची भिंत रचून पंप वाचवले. मग सगळे फ्रेझर उतरण्याची वाट पाहत राहिले. ती उतरल्यावरच दरवाजे उघडता आले.

न्यू वेस्टमिन्स्टरला नदीला फाटे फुटतात. बहुतेक पाणी दक्षिणेच्या फाट्याने जातं. मधल्या गाळाच्या बेटांवर रिचमंड आहे, विमानतळ आहे, आणि मराठी घरंही आहेत. ही जमीन समुद्रापेक्षा जेमतेम मीटरभर उंच आणि बांधांनी वेढलेली. इथे नदीला भरती अडवते. हिवाळ्यात प्रवाह कमी असताना भरतीचा परिणाम थेट चिलिवॅकच्या आसपासपर्यंत जाणवतो. खारं पाणी जड, म्हणून ते गोड्या पाण्याखालून पाचरीसारखं आत सरकतं. जूनच्या पुरात ही पाचर मुखाशीच रोखली जाते, उन्हाळा संपता संपता ती पुन्हा वर चढते. डेल्टाच्या बटाट्याच्या आणि ब्लूबेरीच्या शेतकऱ्याची पंचाईत इथे होते. चरात पाणी आपोआप शिरायला भरती हवी, आणि भरतीबरोबर मीठही येतं. क्षार मोजून, मधला योग्य वेळ साधून झडप उघडावी लागते. बाहेरच्या रॉबर्ट्स बँकच्या चिखलावर एप्रिलच्या शेवटी अलास्काला निघालेले लहान किनारपक्षी, वेस्टर्न सँडपायपर, लाखोंनी उतरतात आणि चिखलावरचा बुळबुळीत जैविक थर जिभेने टिपतात. तो चिखल म्हणजे वरच्या कड्यांची माती.

ऑगस्ट 2024 मध्ये चिलकोटिनचं पाणी सुटलं तेव्हा तेही याच वाटेने खाली आलं. लिल्लूएटवरून, हेल्स गेटमधून, पाण्यावर झाडांचा तांडा घेऊन. होप आणि अ‍ॅगसीच्या मध्ये नदीच्या वळणावर तरंगत्या ओंडक्यांची एक तिरकी माळ बांधलेली आहे. वाहून येणारं लाकूड ती काठाच्या एका कोंडीत वळवते, म्हणजे खालच्या होड्या आणि पूल वाचतात. बरीच झाडं तिथे अडकली. वर, घसरलेल्या मातीतून नदीने जी नवी वाट कापली होती तिच्या दोन्ही कडा रोज ढासळत होत्या आणि पाणी दाट गढूळ होतं. चिलकोटिनच्या काठचे मूळ रहिवासी, त्सिलकोतिन लोक, वरच्या बाजूला माशांची वाट पाहत होते. ऑगस्ट सरत आला तेव्हा त्या चिखलाच्या पाण्यातून सॉकाय वर आले. थोडे होते. चिल्कोकडे जात होते.